काळ्या पडद्यावरचे बेचाळीस काठ

मास्तर, काल दुपारी जेवून जरा आडवी झाले, डोळा लागला, तर तुम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत बसले होते. त्याच खुर्चीत, मांडी घालून. खुर्चीत मांडी घालून बसणारा माणूस मी तुमच्याशिवाय दुसरा पाहिला नाही. डोळे मिटून तुम्ही साडीचे काठ सांगत होते, "तीन उचल, एक दाब, दोन उचल," आणि मी बोट न लावता हिरव्या ओळी पडद्यावर उमटत होत्या. कूलरमधून खसाचा वास येत होता. मी म्हटलं, मास्तर, थांबा, मले तुम्हाले काही सांगायचं आहे. तुम्ही डोळे न उघडता म्हणाले, "ओळ पुरी होऊ दे वं." आणि ओळ काही पुरी होईना. जाग आली तेव्हा उशी ओली होती.

तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, बोलून राहिले आहेत. डोमाजी मास्तरांनी किती पोरांना विणकाम शिकवलं, किती घरांत माग उभे केले, सगळं खरं आहे. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला त्या बेचाळीस काठांचं सांगायचं आहे. ते तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही.

कॉम्प्युटर आला तो दिवस आठवतो? गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारातून हातगाडीवर आला होता, गादीत गुंडाळून, नवरीसारखा. आपल्या विणकर सोसायटीच्या सचिवसाहेबांनी नारळ फोडला. मी तेव्हा आठ महिन्यांच्या बोलीवर लागलेली टायपिस्ट, आणि तुम्ही विणकाम शिकवणं संपवून सुताच्या गोदामात बसवलेले. सचिवसाहेब म्हणाले, मास्तरांच्या डोक्यातले साडीचे काठ या मशीनमध्ये भरा, म्हणजे मास्तर म्हातारे झाले तरी काठ राहतील. तुमच्या तोंडावरच म्हणाले. तुम्ही हसले, "म्हातारा तर मी झालोच आहे साहेब, भरून घ्या लवकर."

शिकवायला एक इंजिनिअर आला. दोन दिवस अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलला, उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गाडी पकडून गेला. त्यानंतर मी, तुम्ही आणि तो काळा पडदा. कोपऱ्यात एक सी, त्याच्यापुढे एक टोक, आणि लुकलुकणारी एक हिरवी रेघ. बस्स. ना चित्र, ना बटन, ना कोणी विचारणार की बाई, तुला काय पाहिजे. काय पाहिजे ते आपणच सांगायचं, त्याच्या भाषेत, त्याच्या क्रमाने, मधली मोकळी जागासुद्धा त्याला हवी तिथेच. एक अक्षर चुकलं की 'बॅड कमांड'. माझं टायपिंग मिनिटाला पन्नास शब्द होतं हो! आख्ख्या गांधीबाग बाजारात माझ्यासारखा हात नव्हता. आणि त्या मशीनने पहिल्या आठवड्यात माझ्या नाकी नऊ आणले. मी रोज रडायची. घरी जाऊन आईला म्हणायची, उद्या जात नाही.

तुम्ही मात्र रडले नाहीत, रागावलेही नाहीत. "काय म्हणते वं ते?" तुम्ही विचारलं. मी म्हटलं, "चुकीचा हुकूम म्हणते. भैताड आहे मेलं." तर तुम्ही म्हणाले, "ते कायचं भैताड? आपण अर्धं सांगतो आन् त्यानं पुरं समजावं म्हणतो. मागाचंबी असंच आहे ना. धागा सुटला तर माग का समजून घेते?" या गोष्टीवरून आपण सहा महिने भांडलो. मी म्हणायची, माणूस अर्ध्या शब्दात समजतो, याला काही कळत नाही. तुम्ही म्हणायचे, सांगितलं तेवढंच करणाऱ्याले मूर्ख म्हणू नये, सांगणाऱ्यानं आपली जीभ तपासावी. ते भांडण तसंच राहिलं आहे मास्तर. मला अजूनही तुमचं पटलेलं नाही, पण आता भांडायला समोर कोणी नाही.

तुमची शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षर एक येत नव्हतं. तुम्ही काय केलं? घरून रेशमाचे तुकडे आणले, नखाएवढे, आणि डिंकाने अक्षरांवर चिकटवले. डीवर तांबडा, आयवर पिवळा, आरवर हिरवा. "तांबडा, पिवळा, हिरवा, मंग कडेचं मोठं बटन ठोकायचं," असं म्हणत तुम्ही यादी काढायचे, आणि सगळ्या फाइली सरसर खाली उतरल्या की माझ्याकडे पाहायचे. पायाने मागाच्या पावड्या लक्षात ठेवणारा माणूस, बोटांनी दहा हुकूम लक्षात ठेवले तुम्ही. मला पुस्तक उघडून शोधावं लागायचं आणि तुम्ही तोवर रंग म्हणून मोकळे. मला तुमचा हेवा वाटायचा, आज सांगते.

आणि ते ओळीओळीने लिहायचं! पडद्यावर एका वेळी एकच ओळ. मागची ओळ सुधारायची तर तिचा नंबर सांगा, मग ती येणार. मी म्हटलं, कोणत्या शहाण्याने हे केलं असेल? तुम्ही तर खूष. "एकदा धोटा गेला का एक ओळ. याले विणणं येते वं!" मग आपली दुपारची बैठक सुरू झाली. मे महिना, बाहेर गांधीबाग भट्टीसारखी तापलेली, कापडाच्या दुकानांची अर्धी शटरं खाली, हमाल गाठोड्यांवर झोपलेले. आत कूलरची घरघर, खसाचा ओला वास, खिडकीला काळा पडदा. मशीनला उजेड सोसत नाही असं सचिवसाहेबांना कोणी तरी सांगितलं होतं. त्या अंधारात तुम्ही डोळे मिटायचे आणि काठ सांगायचे. मुंगीवाट. चवळीशेंग. पावणेतीन दाती करवत. तुमच्या आज्याने एका लग्नासाठी विणलेला आणि पुन्हा कधी न विणलेला काठ, त्याला नावच नव्हतं. फाइलीचं नाव आठ अक्षरांतच बसलं पाहिजे म्हटल्यावर तुम्ही म्हणाले, "बिननावाच्याले बिननावच ठेव, मावते का पाहा." मावलं.

कधी कधी तुमचा आवाज मंद व्हायचा. तुम्ही झोपेत सांगता आहात की जागे, कळायचं नाही. मीही अर्धवट. हिरव्या ओळी वर सरकत जायच्या आणि मला वाटायचं कापडच विणलं जात आहे, त्या काचेच्या मागे कोणी तरी साडी ओढून घेत आहे. एकदा आपण दोघंही झोपलो. जागी झाले तर पडद्यावर एकच अक्षर ओळभर, माझा अंगठा पडला होता. तुम्ही पाहून म्हणाले, "असा काठ म्या कधी सांगितला?" इतकं हसलो की कूलर बंद करून शिपाई पाहायला आला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने होते. लग्न झालं नव्हतं, नोकरी पक्की नव्हती, बाप घरी बसलेला. तरी सुखाचे होते.

दसऱ्यापर्यंत बेचाळीस काठ झाले. इंजिनिअर बजावून गेला होता, रोज फ्लॉपीवर कॉपी काढा. मी नाही काढली. एकदाही नाही. कारण त्यात आधी कुठून आणि मग कुठे, असं लिहायचं असतं, आणि उलटं लिहिलं तर रिकामं भरल्यावर बसेल आणि सगळं जाईल, ही मला धास्ती. म्हटलं उद्या, म्हटलं परवा, इंजिनिअर पुन्हा आला की त्याच्यासमोर. जाऊ नये म्हणून मी हात लावला नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी तुम्ही म्हणाले, "उद्या मशीनची पूजा आहे. माग कसा आपण आदल्या दिवशी झाडतो, सुताचा उडालेला फोफसा काढतो, जुना तुटका धागा एक ठेवत नाही. हे मशीनबी साफ पाह्यजे." तुमच्या घरातली रीत, माझ्याही घरातली. आजही कोष्ट्याच्या घरी त्या दिवशी मागावर जुना कचरा दिसला तर म्हातारी माणसं बोलतात. ठरलं, तुम्ही बाहेरून पुसायचं आणि मी आतून. आतला कचरा म्हणजे माझ्या शिकाऊ दिवसांची फ्लॉपी, तिच्यात मी काहीबाही लिहून ठेवलेलं. स्वतःचं नाव शंभर वेळा, असलं.

तुम्ही फडकं आणायला गोदामात गेले. मी फ्लॉपी आत घातली, खटका लावला. आणि हुकूम दिला. सगळं पुसायचा हुकूम, डेल, स्टार डॉट स्टार. मशीनने विचारलं, आर यू शुअर? वाय का एन? मी वाय दाबलं. ते काही बोललं नाही. काम झालं तर ते गप्पच राहतं, चुकलं तरच बोलतं, तसंच ते. मी फ्लॉपी काढली, हळदकुंकवाची तयारी पाहायला बाहेर आले.

तुम्ही फडकं घेऊन आले आणि एकेक बटन पुसायला लागले, चालू मशीनवर. पडद्यावर अक्षरांचा नुसता सडा पडला आणि ते किंचाळायला लागलं. "प्रभा वं! हे काय होऊन राहिलं?" मी धावत आले, हसले, बटन बंद केलं. म्हटलं, "मास्तर, त्याले गुदगुल्या झाल्या." दुसऱ्या दिवशी आपण त्याला हार घातला.

दसरा झाला, ऑफिस उघडलं. तांबडा, पिवळा, हिरवा, मोठं बटन. 'फाइल नॉट फाउंड.' तुम्ही पुन्हा ठोकलं. तेच. मी तुम्हाला बाजूला करून बसले. मग मी फ्लॉपी घातली, तिच्यात पाहिलं. माझं नाव शंभर वेळा, जसंच्या तसं. तेव्हा कळलं. फ्लॉपी आत घातली म्हणजे आपण फ्लॉपीत गेलो, असं मी धरून चालले होते. आधी त्याला सांगावं लागतं की चल, तिकडे. मी सांगितलंच नव्हतं. मी काठांच्या खोलीत उभी राहून कचरा झाडत होते.

मी बोलायला तोंड उघडलं, आईच्यान् उघडलं होतं. पण तुम्हीच आधी म्हणाले, "म्या फडकं मारलं ना तवाच झालं हे." तेवढ्यात सचिवसाहेब आले. काय झालं? तुम्ही सरळ उभे राहून सांगितलं, "साहेब, माह्या हातून गेलं. पुसता पुसता भलतंच दबलं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का?"

 आठ महिन्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. घरात कमावणारी मी एकटी. मी मान हलवली मास्तर. गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी मान हलवली.

साहेबांनी तुम्हाला सांगितलं, "तुम्ही सूत पाहा मास्तर. या खोलीत यायचं नाही आता." दाराला कुलूप लागलं, चावी माझ्याकडे आली. महिनाभराने मी पक्की झाले. सोसायटीतली कॉम्प्युटरवाली मॅडम! आणि रेशमाचे तुकडे मी पाण्याने भिजवून काढले, कारण त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

तुम्ही परत सांगितले असते तर ते काठ पुन्हा भरता आले असते. मी एकदा विचारलंही, आठवतं? सोसायटीच्या हौदाजवळ. तुम्ही म्हणाले, "नको बापा. एकदा तुही एवढी मेहनत पाण्यात घातली." मी म्हणायला हवं होतं की माझी मेहनत मीच पाण्यात घातली. नाही म्हटलं. मला आठवले तेवढे मी एकटीने बसून भरले, तुमचा आवाज आठवून. अकरा झाले. त्यातले किती बरोबर आहेत, देव जाणे. मुंगीवाट तर मुंगीने पाहिली तरी ओळखणार नाही. तुम्हाला दाखवायला गेले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं.

संक्रांतीला मी तुमच्या घरी आले होते ती तिळगुळासाठी नाही, सांगायलाच आले होते. सगळं मनात रचून. तुम्ही ओसरीत उन्हात बसले होते आणि घरच्या मागावर गोधडी टाकलेली. मी विचारलं, काहून बंद? तर तुम्ही दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "या हातायचा आता भरोसा नाही वाटत वं." हसतच म्हणाले. काकूंनी चहा आणला. मी चहा पिऊन परत आले. मास्तर, आपण लोक किती सहज चहा पिऊन परत येतो.

पुढच्या वर्षी सोसायटीने मला पुण्याला पंधरा दिवसांच्या कोर्सला पाठवलं. तिथे शिकवणाऱ्याने सहज सांगितलं, पुसलेली फाइल लगेच जात नसते. ती आतच असते, मशीन फक्त तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडतं. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं नाही, तर जाणकार माणूस ती परत आणू शकतो. मी विचारलं, किती दिवसांत? तो म्हणाला, दिवसांचा प्रश्न नाही, वर काही लिहू नका एवढंच. आणि मी तर दसऱ्याच्या तिसऱ्या दिवसापासून सुताच्या नोंदी वर ओतत सुटले होते, काम दिसावं म्हणून. त्या दिवशी बोलले असते, तर कोणी तरी जाणकार बोलावला असता. बेचाळीसचे बेचाळीस परत आले असते. त्या वर्गात मी रडले. शेजारची म्हणाली, डोकं दुखतं का? मी म्हटलं, हो.

तेव्हापासून मला ते स्वप्न पडतं, काचेच्या मागे साडी ओढून घेतात ते. पूर्वी गोड वाटायचं. कोण ओढतं ते दिसत नाही, फक्त काठ सरकत जातो, आणि मी पदर धरायला हात पुढे करते तर काच थंड लागते.

परवा तेरवीला आले. बायका जेवून उठल्या, मी काकूंजवळ बसले. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "लय नाव काढायचे वं तुहं. तापातबी म्हणत होते, पोरीचं सहा महिन्याचं काम माह्या फडक्यानं गेलं. पण तिनं एक दिवस तोंडानं काढलं नाही. लय मोठ्या मनाची पोर आहे म्हणे."

मोठ्या मनाची!

मास्तर, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिथेच सांगून टाकलं. फ्लॉपी, हुकूम, वाय, सगळं. काकूंना त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे, पण मुद्दा कळला. त्यांनी माझा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने जवळची एक पत्रावळ आवरली. मग म्हणाल्या, "हे मले सांगून काय करू वं? मी का निरोप पोचवू त्याईले? महिनाभर आधी आली असती तर माग तरी उघडला असता बुढ्यानं." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्या सोसायटीत शोकसभा आहे. सचिवसाहेब म्हणाले, प्रभाताई, तुम्ही मास्तरांजवळ बसून काम केलं, तुम्ही दोन शब्द बोला. मी हेच कागद नेणार आहे. ज्या माणसासमोर मान हलवली, त्याच माणसासमोर वाचणार आहे. पुढे नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तुम्ही शिकवलेली पोरं समोर बसतील, त्यांच्या बापांनी सांगितलं असेल की म्हातारपणी मास्तरांचा हात चुकला. त्यांना कळू दे.

ऐका मास्तर. तुमच्या फडक्यानं काही गेलं नाही. ते म्या पुसलं. तुमचा हात कवाच चुकला नव्हता.